गाडीत जागा कुणाला?

मे १८४७ मध्ये तेरा वर्षांच्या व्हर्जिनिया रीडने कॅलिफोर्नियातून इलिनॉयला आपल्या मामेबहिणीला पत्र लिहिलं. शुद्धलेखनाच्या नावानं आनंद, पण मजकूर असा की वाचणाऱ्याचा घास घशात अडकावा. घरच्यांचा प्रवास कसा झाला हे सांगता सांगता ती कॅशबद्दलही लिहिते. कॅश म्हणजे त्यांचा छोटा कुत्रा. त्याला मारावं लागलं आणि खावं लागलं. डोकं, पाय, कातडी, काहीच टाकलं नाही, आणि त्याच्यावर घरानं आठवडा काढला.

रीड कुटुंब १८४६ च्या वसंतात इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डहून निघालं, तेव्हा त्यांच्याइतकं थाटाचं बिऱ्हाड त्या वाटेवर क्वचितच कुणाचं असेल. बैल जोडलेली दुमजली गाडी, आत शेगडी, बसायला स्प्रिंगच्या बैठका. व्हर्जिनियाला स्वतःचं तट्टू होतं, त्याचं नाव बिली. आणि टायलर, बार्नी, ट्रेलर, ट्रॅकर आणि कॅश हे पाच कुत्रे. पुढे हा तांडा इतिहासात डोनर पार्टी म्हणून कुप्रसिद्ध झाला. जवळची वाट म्हणून त्यांनी एक नवा रस्ता धरला, त्यात आठवडे वाया गेले आणि सिएरा नेवाडाच्या घाटात बर्फानं त्यांना गाठलं. तांड्यातली जवळपास निम्मी माणसं त्या हिवाळ्यात गेली. रीड कुटुंबातली आई आणि मुलं मात्र सगळी वाचली.

व्हर्जिनियाने म्हातारपणी, १८९१ मध्ये, या प्रवासाच्या आठवणी एका मासिकासाठी लिहिल्या. त्यातले प्राणी नीट पाहण्यासारखे आहेत. बिली आधी थकला. रोज बैलांच्या बरोबरीनं चालणं तट्टाला झेपेना, म्हणून त्याला माळावर सोडून दिलं. गाडीच्या मागच्या तोंडाशी बसून ती रडत राहिली आणि बिली लहान लहान होत दिसेनासा झाला. पुढे ग्रेट सॉल्ट लेकच्या वाळवंटात पाण्यावाचून रात्र काढायची वेळ आली. वारा बोचरा होता. वडिलांनी मुलांना पांघरुणात घालून त्यांच्याभोवती पाचही कुत्रे झोपवले आणि त्यांच्या उबेवर ती रात्र निभावली. थोड्याच महिन्यांनी त्यांतलाच एक ताटात आला. राखणदार, शेगडी आणि शिधा ही तिन्ही कामं त्या कुत्र्यांनी एकाच प्रवासात केली.

आज अमेरिकेत बोस्टनहून पोर्टलंडला बिऱ्हाड हलवणारं कुटुंब मागच्या सीटवर कुत्रा आणि पिंजऱ्यात दोन मांजरं घेऊन आठवडाभर गाडी हाकतं, तेव्हा त्या प्रवासाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास असतो. देश तोच आणि दिशाही बहुतेक तीच, पूर्वेकडून पश्चिमेकडे. फरक पडला तो गाडीत जागा कुणाला द्यायची या हिशेबात. तो हिशेब बदलत कसा गेला, हे पाहताना काही ठिकाणी हसू येतं आणि एका ठिकाणी मान खाली जाते.

ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या वाटेवर १८४० ते १८६९ या काळात तीन-चार लाख माणसं गेली. साधारण दोन हजार मैल, चार ते सहा महिने. गाडीत माणसं बसत नसत. गाडी पिठाची पोती, खारवलेलं डुकराचं मांस, नांगराचे फाळ आणि बियाणं यांच्यासाठी होती, माणसं बाजूनं चालायची. मग कुत्र्याला कुठली जागा? तोही चालायचा. पायाचे तळवे फाटायचे, क्षारांच्या मैदानात पाणी मिळायचं नाही. त्यात कुत्र्यांवरून तांड्यात भांडणं व्हायची. रात्री एखादा कुत्रा भुंकला आणि गुरं उधळली, तर दुसऱ्या दिवशी निम्मे बैल शोधण्यातच जायचा, आणि बैल गेला की गाडी गेली. म्हणून काही तांड्यांनी कुत्रे घ्यायचेच नाहीत असं ठरवलं. बाकीच्यांना त्याच भुंकण्याची रात्रीच्या पहाऱ्याला गरज वाटे. मांजराचं त्या मानानं बरं होतं. ते टोपलीत मावे, आणि नव्या मुलखात धान्य साठवायचं तर उंदरांचा बंदोबस्त लागणारच होता.

एकूण काय, प्रेम असायचं, पण ते हिशेबाच्या नंतर यायचं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेच्या घरात सापडतं. तिच्या बालकादंबऱ्यांतला जॅक नावाचा बुलडॉग अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांच्या मुलांना सख्ख्या भावासारखा आहे. गाडीखालून चालत तो मैलोन्‌मैल जातो, फुगलेल्या ओढ्यात वाहून जातो, परत येतो आणि शेवटी म्हातारा होऊन आपल्या जागेवर शांतपणे मरतो. कादंबऱ्यांच्या आधी लॉराने मोठ्यांसाठी लिहिलेलं आत्मकथन २०१४ मध्ये सटीप प्रसिद्ध झालं आणि खरा जॅक कळला. वडिलांनी घोडे बदलून घेतले, जॅकला त्या घोड्यांचा लळा होता, म्हणून तोही घोड्यांबरोबर त्या नव्या मालकाकडे गेला. एवढंच. कागदावर का होईना, लेखिकेनं साठ वर्षांनी त्याला परत गाडीत घेतलं.

तिच्या स्वतःच्या स्थलांतराची नोंद तर दिवसवार आहे. १७ जुलै १८९४ रोजी लॉरा, नवरा अल्मान्झो आणि सात वर्षांची मुलगी रोझ यांनी साउथ डकोटामधलं डी स्मेट सोडलं आणि मिझुरीतल्या मॅन्सफील्डची वाट धरली. सलग दुष्काळ, १८९३ ची आर्थिक मंदी, घटसर्पानं अधू झालेला नवरा. शंभर डॉलरची एक नोट लिहिण्याच्या पेटीत दडवलेली, तीच सगळी पुंजी. साडेसहाशे मैलांचा रस्ता, पोहोचायला ऑगस्टचा शेवट उजाडला. घोडागाडीच्या मागे कोंबड्यांचं खुराडं लटकवलेलं होतं. सुरुवातीच्याच दिवसांतल्या डायरीत लॉरा लिहिते की गाडीत तापमान १०२ फॅरनहाइट आहे, म्हणजे आपलं एकोणचाळीस, आणि कोंबड्या अजून अंडी घालताहेत. गाडी हलतेय, धूळ उडतेय, तरी सकाळच्या न्याहारीचा पुरवठा चालू.

महाराष्ट्रात हे चित्र परकं वाटायला नको. फलटण-बारामतीकडून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यात घोड्यावर भांडीकुंडी, त्यावर घोंगड्या आणि त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं आजही दिसतात. बाजूनं कुत्री. मात्र धनगराचं हलणं वर्षाच्या चक्रातलं असतं, पावसाच्या तोंडावर तो परततो. वाइल्डर कुटुंब परतणार नव्हतं. शेजारीपाजारी, शेत, लहानग्या मुलाचं थडगं मागे टाकून ते निघालं होतं, आणि कोंबड्यांची उपयुक्तता त्या दुःखापेक्षा जास्त रोकडी होती.

मोटार आली आणि हा हिशेब पहिल्यांदा उधळला गेला. उधळणारा माणूस व्हर्मोंटचा डॉक्टर, होरेशिओ नेल्सन जॅक्सन. १९०३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात गप्पा चालल्या होत्या. मोटार हे चार दिवसांचं खूळ आहे, ती काही देश ओलांडू शकत नाही, असं कुणी म्हणालं. जॅक्सनने पन्नास डॉलरची पैज लावली. मोटार त्याच्या मालकीची नव्हती आणि चालवण्याचा सरावही बेताचाच होता. त्यानं वीस अश्वशक्तीची जुनी विंटन विकत घेतली, सीवल क्रॉकर नावाचा मेकॅनिक बरोबर घेतला, बायकोला आगगाडीनं पुढे पाठवलं आणि २३ मे रोजी निघाला. त्या काळात साऱ्या देशात पक्का रस्ता जेमतेम दीडशे मैलांचा, तोही शहरांमध्ये.

आयडाहोतल्या कॉल्डवेलजवळ त्यानं पंधरा डॉलर मोजून एक पिटबुल घेतला. त्याचं नाव बड. या कुत्र्याचा प्रवासात काडीचा उपयोग नव्हता. तो पहारा देत नव्हता, शिकार करत नव्हता, गुरं वळत नव्हता. उघड्या गाडीत उडणाऱ्या क्षारयुक्त धुळीनं त्याचे डोळे सुजले, तेव्हा जॅक्सननं त्याला आपल्यासारखाच मोटारीचा चष्मा चढवला. थोड्या दिवसांत बड पुढचा रस्ता न्याहाळत बसायला आणि खड्डा आला की अंग सावरायला शिकला. गावोगावचे फोटोग्राफर माणसांना सोडून त्याच्याकडे धावू लागले. २६ जुलैला गाडी न्यूयॉर्कला पोहोचली. त्रेसष्ट दिवस लागले आणि पन्नास डॉलरच्या पैजेपायी आठ हजार खर्च झाले. पैजेचे पैसे जॅक्सननं कधी वसूल केलेच नाहीत म्हणतात. गाडी आणि बडचा चष्मा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

आधीच्या वाटांवरच्या हजारो कुत्र्यांनी बडपेक्षा कितीतरी जास्त कष्ट उपसले. पण गाडीत सीटवर बसून देश ओलांडणारा पहिला तोच. गाडी बैलावर चालत नव्हती, त्यामुळे कुत्र्याचं वजन कुणाच्या खांद्यावर पडत नव्हतं. बिनकामाच्या प्राण्याला जागा देणं परवडू लागलं, ते असं.

पुढच्या वीस वर्षांत मोटार साध्या माणसाच्या आवाक्यात आली. १९२३ च्या ऑगस्टमध्ये ऑरेगनमधल्या सिल्व्हर्टनचं ब्रेझियर कुटुंब मोटारीनं इंडियानाला नातेवाइकांकडे निघालं. बॉबी हा त्यांचा कॉली जातीचा मिश्र कुत्रा सामानावर बसून आला. या बॉबीचा आधीचा इतिहास मजेदार आहे. शेत सोडून गावात खाणावळ चालवायला गेले तेव्हा ब्रेझियरनी त्याला शेताबरोबरच मागे ठेवलं, विकून टाकलं. कुत्रा काही ऐकेना, सारखा गावात त्यांच्या दारात हजर. शेवटी विकल्यापेक्षा जास्त किंमत देऊन त्यांनी त्याला परत घेतलं. असा हा बॉबी इंडियानातल्या वोल्कट गावात पेट्रोल भरताना दुसऱ्या कुत्र्यांच्या झटापटीत पळाला आणि हरवला. शोधाशोध झाली, जाहिरात झाली, हताश होऊन घरचे परतले. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९२४ मध्ये, पंजे झिजलेला, हाडं वर आलेला बॉबी सिल्व्हर्टनच्या रस्त्यावर उभा राहिला. अडीच हजार मैलांच्या वर अंतर, मध्ये रॉकी पर्वत आणि भर हिवाळा. ऑरेगनच्या प्राणिदया संस्थेनं वाटेत त्याला आसरा देणाऱ्यांचा माग काढला, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. १९२७ मध्ये तो मेला. त्याच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहायला सिनेमातला कुत्रा रिन टिन टिन आणला होता. अमेरिकन भाबडेपणाला तोड नाही, हे खरंच. पण शेताबरोबर विकलेला कुत्रा आणि पुष्पचक्र मिळालेला कुत्रा एकच होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तिशीच्या दशकात मात्र पुन्हा बैलगाडीचे दिवस आले. ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्ससच्या शेतांची माती उडून गेली, बँकांनी जमिनी घेतल्या आणि १९४० पर्यंत सुमारे पंचवीस लाख माणसांनी तो मुलूख सोडला. त्यांतले दोन लाखांहून जास्त कॅलिफोर्नियाकडे गेले, बरेचसे ‘रूट सिक्स्टी सिक्स’ या महामार्गानं. मोटारीवर गाद्या, स्टोव्ह, पिंप, कधी शेळी. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखानं १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवून या गरिबांना अडवलं होतं. जिथं माणसाच्याच जागेची खात्री नव्हती, तिथं कुत्र्याची काय कथा. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या १९३९ च्या कादंबरीत जोड कुटुंबाचा एक कुत्रा ट्रकवर चढतो खरा, पण पहिल्याच दिवशी पेट्रोल पंपासमोर भरधाव मोटारीखाली सापडतो. त्याच कादंबरीत माणसांनी सोडलेल्या घरांत मागे राहिलेल्या मांजरांचं वर्णन आहे. दूध मिळेल म्हणून ती ओसरीवर येतात आणि हळूहळू रानटी होतात. कुत्रा माणसाबरोबर जातो आणि मांजर घराला धरून राहतं, ही समजूत आपल्याकडेही आहे. पण मांजर राहतं याचं बरंचसं कारण त्याला कुणी नेत नाही, हे आहे.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिका अक्षरशः हलू लागली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस दर पाच अमेरिकनांतला एक जण वर्षभरात घर बदलत होता. आज हे प्रमाण दहात एकाहूनही खाली आलंय. १९४५ मध्ये लेनर्ड शोएन आणि त्याची पत्नी ॲना मेरी यांनी वॉशिंग्टन राज्यात ‘यू-हॉल’ सुरू केली. आपल्या मोटारीला जोडायचा ट्रेलर एका गावात भाड्यानं घ्यायचा आणि दुसऱ्या गावात सोडायचा, अशी सोय. १९५६ च्या कायद्यानं ४१ हजार मैलांच्या महामार्गांचं जाळं मंजूर झालं. सामान ट्रेलरमध्ये, माणसं आणि प्राणी मोटारीत, ही आजची रचना तेव्हा पक्की झाली. सामान हलवणाऱ्या कंपन्या जिवंत प्राणी नेत नाहीत. शिकारी कुत्र्याचं चित्र अंगावर मिरवणाऱ्या ग्रेहाउंड बसमध्ये पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही, फक्त अपंगांच्या सेवेसाठी शिकवलेले कुत्रे चालतात. अमट्रॅकच्या आगगाडीत पिंजऱ्यासह वीस पौंडांपर्यंतच्या प्राण्याला परवानगी आहे, तीही सात तासांपर्यंतच्या प्रवासाला. म्हणजे घरात लॅब्राडोर असेल आणि देश ओलांडायचा असेल, तर विमानातला मालकक्ष नाहीतर आपली मोटार. बहुतेकांना दुसरा पर्याय बरा वाटतो.

मग रात्री मुक्काम कुठं करायचा? विसाव्या शतकाच्या मध्यावर गेन्स या कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीनं ‘टूरिंग विथ टाउझर’ नावाची पुस्तिका काढली. कुत्र्यासह आलेल्या पाहुण्याला जागा देणारी हॉटेलं आणि मोटेलं, राज्यवार यादी करून. असल्या याद्या लोकप्रिय झाल्या.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेममधून व्हिक्टर ग्रीन हा टपाल खात्यातला कृष्णवर्णीय माणूस दुसरीच एक पुस्तिका छापत होता. १९३६ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या ‘ग्रीन बुक’मध्ये कृष्णवर्णीय प्रवाशाला अपमान न होता कुठं झोपता येईल, जेवता येईल, पेट्रोल मिळेल, याचे पत्ते असत. दक्षिणेतून उत्तरेत आणि पश्चिमेत लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं बिऱ्हाडं हलवत होती. रात्र पडली की त्यांना शेकडो मैल न थांबता गाडी हाकावी लागे, नाहीतर रस्त्याकडेला गाडीतच झोपावं लागे.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहण्याची वेळ १९६३ मध्ये आली. नागरी हक्क विधेयकावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी चालू होती. वाणिज्य खात्याचे उपमंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट ज्युनिअर, म्हणजे माजी अध्यक्षांचे चिरंजीव, साक्षीला आले आणि त्यांनी आकडे मांडले. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात कुत्र्याला जागा देणारी हॉटेलं-मोटेलं पाच, कृष्णवर्णीय माणूस निर्धास्तपणे जाऊ शकेल असं एक. त्याच राज्यातल्या कोलंबसमध्ये कुत्र्यांसाठी सहा, कृष्णवर्णीयांसाठी शून्य. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये कुत्र्यांसाठी दहा, कृष्णवर्णीयांसाठी शून्य.

मराठी वाचकाला हे वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्यांना होता. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्याविरुद्ध होता. त्याआधी दहा वर्षं, १९१७ मध्ये, डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत परकं नाव सांगून राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं हाकललं. ज्या न्यूयॉर्कमधून ते शिकून आले होते, त्याच शहरात पुढे ‘ग्रीन बुक’ छापलं जाणार होतं.

स्टाइनबेकलाही हे वेगळ्या वाटेनं उमगलं. सप्टेंबर १९६० मध्ये तो चार्ली नावाच्या आपल्या उंच फ्रेंच पूडलला घेऊन ट्रकवर बांधलेल्या छोट्या घरातून देश पाहायला निघाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसंच. घर बदलायला नव्हे, तर आपण ज्याच्याबद्दल लिहितो तो देश आपल्याला अजून ओळखीचा आहे का ते बघायला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ मध्ये आलं, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, आणि कुत्रा घेऊन देश ओलांडण्याची हौस अमेरिकन मनात कायमची रुजली. दक्षिणेत गाडीत शेजारी बसलेल्या काळ्यासावळ्या चार्लीकडे बघून लोक त्याला म्हणत, अरे, आम्हाला वाटलं आत काळा माणूस बसलाय, हा तर कुत्रा निघाला! आणि सुटकेचं हसत. त्या वाक्यातली शिवी इथं देण्याची गरज नाही. त्यानंतर त्यानं न्यू ऑर्लिन्सच्या शाळेसमोर एका चिमुरड्या कृष्णवर्णीय मुलीवर ओरडणाऱ्या गोऱ्या बायका पाहिल्या. पुस्तकातला सूर तिथून बदलतो, आणि लेखकाला घरी जायची घाई होते.

या पुस्तकावर पूर्ण भरवसा ठेवू नये. २०१० मध्ये बिल स्टायगरवाल्ड या पत्रकारानं त्याच मार्गानं जाऊन, पत्रं आणि हस्तलिखित तपासून दाखवलं की स्टाइनबेकच्या बऱ्याच रात्री चांगल्या हॉटेलांत गेल्या आणि मोठा काळ पत्नी एलेन बरोबर होती. काही संवाद रचलेले असावेत. पण कुत्र्याचे तपशील खरे वाटतात, कारण ते गैरसोयीचे आहेत. नायगाऱ्याजवळून कॅनडा ओलांडून मिशिगनला जायचा बेत चार्लीपायी फसतो. रेबीजची लस टोचल्याचा दाखला नसेल तर अमेरिकेत परत येताना अडवतील, असं कॅनडाचा अधिकारी आपणहून बजावतो. पुढे चार्लीला लघवीचा त्रास होतो. एक पशुवैद्य त्याच्याकडे धड बघतही नाही, टेक्ससमधल्या ॲमरिलोचा दुसरा मात्र त्याला बरा करतो. कुत्रा घेऊन लांब गेलेल्या कुणालाही यातलं काही नवं वाटणार नाही. तो ट्रक आता कॅलिफोर्नियात सॅलिनास इथल्या स्टाइनबेक केंद्रात आहे.

जुलै १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. अटलांटातल्या एका मोटेलच्या मालकानं त्याला आव्हान दिलं, आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. काही वर्षांतच ‘ग्रीन बुक’ बंद पडलं. कुत्र्यांची यादी वाढत गेली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सहा डॉलरला खोली देणारं ‘मोटेल सिक्स’ सुरू झालं होतं, आणि सुरुवातीपासून आपण प्राण्यांना नाही म्हटलं नाही, असं ही कंपनी अभिमानानं सांगते. २०२४ मध्ये ती भारतातल्या ‘ओयो’च्या कंपनीनं साडेबावन्न कोटी डॉलरना घेतली. तशीही अमेरिकेतली असंख्य मोटेलं गुजराती कुटुंबं चालवतात. त्यामुळे देश ओलांडणारा अमेरिकन कुत्रा एखादी तरी रात्र पटेलांच्या छपराखाली काढतोच, असं म्हणायला हरकत नाही.

कायद्याच्या कागदावर हे प्राणी मात्र फार उशिरा आले, आणि आले ते संकटातून. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवलं. सुटकेच्या बसमध्ये प्राणी घेता येणार नाहीत असा नियम होता. सुपरडोम स्टेडियमबाहेर एका लहान मुलाच्या हातातून पोलिसानं त्याचा स्नोबॉल नावाचा कुत्रा काढून घेतला आणि तो मुलगा उलटी होईपर्यंत रडला, ही बातमी देशभर गेली. कित्येकांनी प्राणी सोडून निघायला नकार दिला आणि त्यातल्या काहींनी जीव गमावला. वर्षभरानं, ऑक्टोबर २००६ मध्ये, प्राण्यांच्याही सुटकेची योजना स्थानिक प्रशासनाकडे असली पाहिजे, असं सांगणारा केंद्रीय कायदा झाला.

त्या वादळानंतरचा एक भाग कमी सांगितला जातो. पाण्यातून वाचवलेले हजारो कुत्रे स्वयंसेवकांनी देशभरच्या निवाऱ्यांत पाठवले आणि तिथून ते नव्या घरी दत्तक गेले. मूळ मालक ह्यूस्टन, अटलांटा अशा ठिकाणी विस्थापित. महिन्यांनी पत्ता लागला तेव्हा नव्या मालकांनी कुत्रा द्यायला नकार दिला. तुम्ही त्याला सोडून गेलात, असा त्यांचा युक्तिवाद. सोडून गेलो नाही, तुमच्याच सरकारनं नेऊ दिलं नाही, हे उत्तर. यातले काही वाद न्यायालयात गेले. कायद्याच्या दृष्टीनं कुत्रा ही मालमत्ता, त्यामुळे न्यायाधीशांपुढे प्रश्न फर्निचरचा असल्यासारखा आला.

पैशाच्या हिशेबात तर आणखी गमती. नोकरीसाठी घर हलवलं तर त्याचा खर्च आयकरातून वजा करता यायचा, आणि त्यात पाळीव प्राणी पोहोचवण्याचा खर्चही धरता येतो असं कर खात्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असे. म्हणजे कर खात्यानं कुत्र्याला घरातलं सामान म्हणून केव्हाच ओळखलं होतं. २०१७ च्या करकायद्यानं लष्करी कर्मचाऱ्यांखेरीज बाकी सर्वांची ही सवलत काढून घेतली. राहिले ते सैनिक, ज्यांची दर दोन-चार वर्षांनी बदली होते. त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून संरक्षण खात्यानं नवा भत्ता सुरू केला. देशांतर्गत बदलीसाठी प्राणी नेण्याच्या खर्चापोटी ५५० डॉलरपर्यंत, परदेशी बदलीसाठी २,००० पर्यंत. एका कुटुंबाला एकच प्राणी, आणि तो कुत्रा किंवा मांजर. घरात दोन कुत्रे असतील तर भत्ता कुणाच्या नावावर घ्यायचा हे सैनिकानं ठरवायचं, आणि पोपट असेल तर तो स्वतःच्या खर्चानं न्यायचा.